बर्ड फ्लूच्या धास्तीने घेतला जाणारा घरगुती सुरक्षा संच : एक परीक्षण

बर्ड फ्लूची महासाथ आलीच तर कुटुंब तयार असावे, असे सांगून विकला जाणारा एक संच आम्ही घरासाठी मागवला. त्यात एन-९५ मास्क, डोळ्यांच्या कडाही झाकणारे गॉगल, हातमोजे, अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर, डिजिटल थर्मामीटर, घरी करायची इन्फ्लुएंझाची (फ्लूची) चाचणी आणि एक माहितीपत्रक आहे. बहुतेक वस्तू चांगल्या दर्जाच्या आहेत. तरीही हा संच सरसकट सर्वांनी घ्यावा असे मी म्हणणार नाही, कारण घेणारा माणूस नेमका कशाला घाबरला आहे याचा विचार तो तयार करताना झालेला दिसत नाही.

या रोगाची भीती सर्वांना सारखी नसते. कोंबड्यांच्या शेडमध्ये किंवा गोठ्यात रोज काम करणाऱ्याला आजच्या संसर्गाची चिंता असते आणि तिच्याबरोबर, रोग आढळला तर सगळे पक्षी मारावे लागतील, ही पोटापाण्याची धास्तीही असते. पक्ष्यांशी काहीच संबंध नसलेला माणूस मात्र अजून न आलेल्या दिवसाला घाबरतो. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण १८ जणांना झाली आणि त्यांतील ६ जण दगावले. २००३ पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. हे 'निम्मे' एकदा वाचले की डोक्यातून जात नाही. सौम्य आजार झालेले अनेक जण तपासणीपर्यंत पोहोचतच नसल्यामुळे खरे प्रमाण याहून कमी असू शकते आणि हा विषाणू अजून माणसांमाणसांत सलग पसरू लागलेला नाही, हेही तितकेच खरे आहे. पण घाबरलेल्या मनाला ही दोन्ही विधाने एकत्र धरून ठेवणे जड जाते. कोरोनाच्या अनुभवानंतर तर काही जणांना साथीचा विषय कानावरही नको असतो, आणि काही जण बातमी येताच साठा करू लागतात. मला या दोघांचेही वागणे समजते, कारण दोघांनीही त्या काळात काही ना काही गमावलेले असते.

संचातील मास्क उत्तम आहेत. नाकावरची पट्टी नीट वाकते, दोन्ही पट्टे डोक्यामागून जातात आणि जोरात श्वास सोडला तरी कडेने हवा निसटत नाही. एन-९५ हे प्रमाण हवेतील अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडवण्याचे आहे, परंतु मास्क चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसला तरच त्याचा उपयोग होतो. दाढी असेल तर तो तसा बसत नाही, आणि लहान मुलांच्या चेहऱ्यासाठी हे मास्क बनवलेले नसतात. खोक्यावर मात्र 'संपूर्ण कुटुंबासाठी' असे छापले आहे. ज्या आईवडिलांना सर्वांत जास्त काळजी मुलांचीच वाटते, त्यांची यात दिशाभूल होते.

मला सर्वांत मोलाची वस्तू वाटली ती गॉगल, आणि जाहिरातीत तिचाच उल्लेख सर्वांत शेवटी आहे. पक्ष्यांतील फ्लूचे विषाणू पेशींवरच्या ज्या प्रकारच्या ग्राहींना (विषाणू जिथे चिकटतो त्या जागांना) चिकटतात ते माणसाच्या नाका-घशात कमी, पण फुप्फुसाच्या खोल भागात आणि डोळ्यांच्या आवरणात आढळतात. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ या बर्ड फ्लूच्याच दुसऱ्या विषाणूची लागण ८९ जणांना झाली तेव्हा बहुतेकांना डोळ्यांचाच त्रास झाला होता. त्या साथीत एका पशुवैद्याचा मृत्यूही झाला. २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींमध्ये एच५एन१ आढळल्यावर गोठ्यांतील बाधित कामगारांमध्येही डोळे लाल होणे हे प्रमुख लक्षण होते. संचातील गॉगलवर वाफ फारशी धरत नाही आणि तो नेहमीच्या चष्म्यावरूनही बसतो. पक्षी किंवा जनावरे हाताळणाऱ्याने इतर काही घेतले नाही तरी असा गॉगल अवश्य घ्यावा.

हातमोजे, सॅनिटायझर आणि थर्मामीटर ठीक आहेत. मात्र हा विषाणू साबणाने सहज नष्ट होतो, त्यामुळे सॅनिटायझर संपला म्हणून कोणी धास्तावण्याचे कारण नाही.

घरगुती चाचणीबद्दल मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. ती फार तर इन्फ्लुएंझा 'ए' या गटातला विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. तो दरवर्षीचा हंगामी फ्लू आहे की एच५, हे तिला ओळखता येत नाही. त्यामुळे साध्या तापात पट्टीवर रेघ उमटली तर घरात हाहाकार उडेल, आणि खरोखर आजारी पक्ष्यांच्या संपर्कात आलेला माणूस रेघ न दिसल्यामुळे निर्धास्त राहील. अशा माणसाने डॉक्टरांना संपर्काची माहिती देऊन प्रयोगशाळेत तपासणी करून घेणेच योग्य आहे, कारण ऑसेल्टामिविरसारखे फ्लूच्या विषाणूवरचे औषध लक्षणे दिसल्यापासून शक्यतो ४८ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.

माहितीपत्रक हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग आहे. त्यात मृत्यूचे प्रमाण लाल अक्षरांत आहे, पण मेलेला पक्षी दिसला तर त्याला हात न लावता पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे, दूध पाश्चरीकरण केलेले असावे, कोंबडीचे मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे, यांपैकी एकही सूचना नाही. मोठे आकडे असे सुटे फेकल्याने काय होते ते २००५ मध्ये दिसले होते. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचे समन्वयक डेव्हिड नाबारो यांनी ५० लाख ते १५ कोटी मृत्यूंची शक्यता बोलून दाखवली, तर जागतिक आरोग्य संघटनेने अधिकृतपणे २० लाख ते ७४ लाख हा अंदाज पुढे ठेवला. दोन अंदाजांत एवढी तफावत असेल तर सामान्य माणसाने कोणता धरावा? त्या काळात अनेकांनी ऑसेल्टामिविर विकत घेऊन घरात साठवले. पुढे २००९ मध्ये महासाथ आली ती एच१एन१ची, डुकरांमधील विषाणूंपासून निर्माण झालेली. म्हणून झाकणावर एकाच रोगाचे नाव ठळक छापण्यापेक्षा श्वसनमार्गाच्या कोणत्याही साथीत या वस्तू कशा वापराव्यात हे पत्रकात लिहिले असते, तर घेणाऱ्याला अधिक आधार वाटला असता.

पक्षी किंवा गुरे पाळणाऱ्यांना, पशुवैद्यांना आणि त्यांच्या मदतनिसांना मी हा संच सुचवीन. चाचणी वगळून मिळाला तर अधिक चांगले. इतरांनी नीट बसणारे थोडे मास्क आणि एक थर्मामीटर घरात ठेवावे, हंगामी फ्लूची लस घ्यावी. ती लस एच५एन१पासून संरक्षण देत नाही, पण एकाच शरीरात दोन्ही विषाणू एकत्र येऊन त्यांच्या जनुकांची अदलाबदल होण्याची आणि त्यातून माणसांत सहज पसरणारा नवा विषाणू तयार होण्याची शक्यता तिच्यामुळे कमी होते. संच घेतलाच, तर मास्कवरची मुदत आधी तपासावी. पट्ट्यांचा ताण कालांतराने जातो आणि सैल झालेला मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही.