जळगावहून लोमे, वागाडूगू आणि ड्युसेलडॉर्फ: विमान कंपन्यांच्या भागीदारीतली तिकिटं वापरून काय हाती लागलं

आमचा धंदा प्लास्टिकच्या चटयांचा. जळगावच्या एमआयडीसीतली चटई आफ्रिकेच्या बाजारात जाते हे इथे कुणाला सांगायला नको, पण तिच्या मागोमाग माणूस कसा जातो हे विचारणारे बरेच भेटतात. गेल्या वर्षापासून मी ठरवून एकच पद्धत ठेवली. मुंबईपासून पुढचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर, आणि जमेल तिथे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या कंपन्यांमध्ये. आता मत देण्याइतका वापर झाला आहे. माझं म्हणणं सरळ आहे: एका तिकिटासाठी चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत, विमान कंपन्या प्रवासावर देतात त्या पॉइंटांसाठी मात्र एक रुपयाही वाढवून देऊ नये.

तिकिटावर नाव एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, याला कोडशेअर म्हणतात. अमळनेरच्या आमच्या भागीदारांनी असं तिकीट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा म्हणाले, "नाव एकनं, इमान दुसरानं, मंग सामान कोना ताबामा?" प्रश्न नेमका आहे. गंमत अशी की उत्तर बाबीगणिक बदलतं. बॅगांचं वजन तिकिटावर जे छापलं असेल तेच धरायचं. प्रत्येक टप्प्यापुढे '२ पीसी' (दोन बॅगा) किंवा '२३ के' (२३ किलो) असं लिहिलेलं असतं. सीट निवडायची तर ज्याचं विमान त्याचा पीएनआर लागतो, आणि तो तिकीट देणाऱ्याच्या पीएनआरपेक्षा बहुधा वेगळा असतो. तो फोन करून मागून घ्यावा लागतो, आपणहून कुणी देत नाही. पॉइंट किती मिळणार ते बुकिंग क्लासचं, म्हणजे तिकिटाच्या भाड्याच्या गटाचं, अक्षर ठरवतं. विमान रखडलं तर भरपाईसाठी विमानवाल्याला गाठायचं.

आफ्रिकेची फेरी बहुतेक वेळा इथिओपियनने होते. ही कंपनी डिसेंबर २०११ मध्ये स्टार अलायन्समध्ये आली. मुंबईहून आदिस अबाबा, तिथून टोगोची राजधानी लोमे. माझ्या तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा मिळत आल्या, आणि चटईचे नमुने नेणाऱ्याला तेवढं बळ पुरतं. पण सगळ्यात सुरळीत टप्पा कुठला म्हणाल, तर लोमेहून पुढे बुर्किना फासोची राजधानी वागाडूगूचा. तिथे विमान आस्कायचं. आस्काय ही लोमेची कंपनी, कुठल्याही अलायन्समध्ये नाही. पण तिच्यात इथिओपियनचं भांडवल आहे आणि लोमेला दोघींच्या वेळा एकमेकींना धरून लावलेल्या असतात. मुंबईला लावलेला बॅगेचा टॅग थेट वागाडूगूपर्यंत चालला. उलट अलायन्सचा शिक्का असलेल्या दोन कंपन्यांच्या मध्ये पाच तास ताटकळत बसण्याची वेळही आली आहे. त्यामुळे विमानाच्या शेपटीवरचा तारा बघून मी भुलत नाही. त्या दोन कंपन्यांचा आपसातला करार किती पक्का आहे ते बघतो.

एका तिकिटाची किंमत वसूल झाली ती एका फेरीत. मुंबईहूनच विमान उशिरा सुटलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या रात्री सगळ्यांचीच विमानं रखडली होती. मधल्या विमानतळावर उतरलो तेव्हा पुढचं विमान गेलेलं होतं, पण भागीदार कंपनीच्या दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास काउंटरवर छापून तयार होता. हुज्जत नाही, पैसे नाहीत. दोन वेगळी तिकिटं असती तर पुढचं तिकीट सरळ बुडालं असतं आणि आयत्या वेळचं नवं घ्यावं लागलं असतं. बॅग मात्र आली नाही. शेवटच्या विमानवाल्यांचा माणूस म्हणाला, तिकीट आमचं नाही, ज्यांचं आहे त्यांना विचारा. इथे हटायचं नाही. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईच्या मॉन्ट्रियल करारात भारत २००९ पासून आहे, आणि त्या करारानुसार सामानासाठी पहिल्या कंपनीला धरता येतं, शेवटच्या कंपनीलाही धरता येतं. हॉलमधून बाहेर पडण्याआधी लेखी रिपोर्ट घ्यावा. सामान फुटलं असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. मी काउंटरवर उभाच राहिलो, शेवटी त्यांनी रिपोर्ट लिहिला आणि पुढे बॅग मुक्कामी आणून दिली.

आता भाड्याचं. भागीदारीने भाडं उतरतं असं विमानवाले सांगतात, माझा अनुभव अर्धामुर्धा आहे. जिथे भिडू जास्त तिथे भाडं उतरतं. पश्चिम आफ्रिकेला मुंबईहून आदिसमार्गे जाता येतं, दुबई, दोहा, इस्तंबूल, पॅरिस असेही रस्ते आहेत, म्हणून तिथे घासाघीस होते. नैरोबीला मुंबईहून केनिया एअरवेज होतीच, ऑगस्ट २०२३ मध्ये इंडिगोही उतरली. असा भिडू वाढला की आमच्यासारख्याला बोलायला तोंड येतं. आखाती कंपन्यांचा वाटा आणखी वाढू शकला असता, पण भारत आणि दुबई यांच्यातल्या करारात आठवड्याला प्रत्येक बाजूला सुमारे ६५ हजार जागांची मर्यादा आहे, आणि २०१४ नंतर कित्येक वर्षं ती वाढली नाही. देशी कंपन्यांना लांबच्या मार्गांवर उभं राहू द्यायचं हा सरकारचा हेतू. हेतू समजतो, पण दिवाळीच्या तोंडावर दुबईमार्गे तिकीट शोधणाऱ्याच्या खिशाला तो बोचतो.

अटलांटिकवर तर प्रकरण आणखी पुढचं. चाळीसगावच्या मेहुणीचं न्यू जर्सीचं तिकीट काढताना एकाच विमानाला तीन कंपन्यांचे तीन नंबर दिसले आणि भाडंही जवळपास सारखंच. युरोप ते अमेरिका मार्गावर युनायटेड, लुफ्तान्झा आणि एअर कॅनडा मिळून धंदा करतात. डेल्टा, एअर फ्रान्स, केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिक यांचा दुसरा गट. दुकानं वेगळी, गल्ला एक. एरवी स्पर्धकांनी मिळून भाव ठरवणं हा गुन्हा ठरतो, पण अमेरिकन सरकारने यांना त्यातून सूट दिलेली आहे. ही वाट १९९३ मध्ये नॉर्थवेस्ट आणि केएलएम यांच्यापासून सुरू झाली. म्हणून तिकीट शोधताना गटातल्या तीन कंपन्यांचे दर ताडून पाहण्यात वेळ घालवू नये. दोन वेगवेगळ्या गटांचे दर पाहावेत, आणि तिसरा आखाताचा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ड्युसेलडॉर्फला 'के' प्रदर्शन होतं. प्लास्टिकवाल्यांची ही तीन वर्षांनी भरणारी जत्रा. फ्रँकफर्टपर्यंत विमान, आणि पुढचा टप्पा रेल्वेचा, तोही त्याच तिकिटावर, विमानासारखा नंबर लावून. जर्मन रेल्वे ऑगस्ट २०२२ पासून स्टार अलायन्सची भागीदार आहे. बॅग फ्रँकफर्टला ताब्यात घेऊन आपणच गाडीत चढवायची, पण विमानाला उशीर झाला तर पुढच्या गाडीत बसता येतं. वेळेचं म्हणाल तर भुसावळ विभागाने कमीपणा मानू नये: २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोहोचल्या.

युरोपच्या प्रवासात विमान नक्की कोणाचं हे बघण्याला आणखी एक कारण आहे. युरोपहून निघणारं विमान, मग ते कुठल्याही कंपनीचं असो, कंपनीच्या चुकीने तीन तासांहून जास्त उशिरा पोहोचलं तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. मुंबईहून युरोपला जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच हा नियम लागू. म्हणजे तिकिटावर लुफ्तान्झाचा नंबर आणि विमान एअर इंडियाचं असेल, तर जाताना हे संरक्षण नाही. तिकीट विकताना ही गोष्ट कुणी सांगत नाही. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं, परदेशी कंपन्यांना नाही. विशेषतः दिल्लीहून पश्चिमेला जाताना आपल्या विमानांना वळसा पडू लागला. एकाच भाड्यात दोन पर्याय दिसले की मी आधी प्रवासाचे तास बघतो.

खरी अडचण मुंबईच्या अलीकडे आहे. जळगावला विमानतळ आहे, अलायन्स एअर आणि फ्लाय९१ यांची छोटी विमानं येतात. पूर्वी अलायन्स एअर ही एअर इंडियाचीच कंपनी. २०२२ मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा ती सरकारकडेच राहिली, आणि एप्रिलपासून दोघींचा संसार वेगळा झाला. जळगाव ते आदिस असं सलग तिकीट मला आजवर मिळालेलं नाही. म्हणजे कसारा घाटात पावसाने गाडी अडकली तर ती जोखीम माझी, कुठलीही भागीदारी तिथे कामाला येत नाही. मी आदल्या दिवशीची गाडी धरतो, ठाण्याला उतरतो आणि एक मुक्काम खर्चात धरतो. भाड्यात वाचवलेले पैसे बऱ्याचदा तिथेच जातात.

पॉइंटांवर फार लिहिण्यासारखं नाही. सगळ्या स्टार फेऱ्या एकाच खात्यावर जमवा, एवढंच. स्वस्त क्लासच्या तिकिटांवर भागीदार कंपनीच्या विमानात इतके कमी पॉइंट पडतात की हिशोब ठेवायचाही कंटाळा येतो. गोल्ड दर्जा मिळाला तर लाउंज आणि जादा बॅग मिळते, पण ते सतत हवेत असणाऱ्यांचं काम.

आई-वडिलांना मुलांकडे एकट्याने पाठवणारी घरं आपल्याकडे पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम लिहितो. कोडशेअर तिकिटावर व्हीलचेअर आणि जेवण तिकीट देणाऱ्याकडे नोंदवलं तरी ते विमानवाल्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. आमच्या वहिनींचं जैन जेवण असंच वाटेत हरवलं आणि चौदा तासांचा प्रवास त्यांनी घरच्या दशम्यांवर काढला. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, ज्याचं विमान त्याच्या पीएनआरवर दोन्ही नोंदी दिसतात का ते स्वतः बघा. दिसत नसतील तर एजंटला नाही, थेट विमानवाल्याला फोन लावा.