तिपाई लाकडी कमान: कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात मोसमभर वापरल्यानंतर

वरचा प्लास्टिकचा सांधा अखेर तडकला. विक्रेत्याचं उत्तर: 'उघड्यावरच्या वापराला वॉरंटी नाही.' लग्नाची कमान काय दिवाणखान्यात लावायची? असो.

उंची २.२ मीटर, पायांत दीड-दीड मीटर अंतर, वजन ६ किलो. एकटा माणूस पाच मिनिटांत उभी करतो. जोडपं, विधी लावणारा, फोटोग्राफर, एखादा साक्षीदार एवढ्याच मंडळींच्या इलोपमेंटला, म्हणजे मोजक्या माणसांतल्या लग्नाला, ती शोभते, यात वाद नाही.

वाद आहे तो वाऱ्याशी. सोबत आलेल्या लोखंडी खुंट्या घरीच ठेवा. उद्यानात जमीन उकरता येत नाही, जोशुआच्या झाडाला दोरी बांधणंही बाद. राहतं फक्त वजन. दोन चौरस मीटर कापड लावलं की ताशी २५ किमी वाऱ्याला साधारण ७ किलोचा रेटा बसतो, तोही जमिनीपासून मीटरभर उंचीवर. तिपाई भक्कम दिसते, पण मध्यापासून कोणत्याही दोन पायांना जोडणारी रेघ जेमतेम ४३ सेंटिमीटरवर येते, आणि कमान त्याच रेघेवरून उलटते. हिशेब केला तर कमानीचे ६ धरून एकूण १८ किलो हवेत, म्हणजे प्रत्येक पायाला ४ किलो. वारा ४० वर गेला तर रेटा अडीचपट होतो आणि कमानीशिवाय लावायचं वजनच ४० किलोंवर जातं. तेव्हा कापड उतरवायचं, हुज्जत घालायची नाही.

खरी गोची दिशेची आहे. दोन पाय पुढे, एक मागे अशीच ही कमान फोटोत चांगली दिसते. संध्याकाळच्या उजेडासाठी ती पश्चिमेला पाठ करून लावतात, आणि वसंतात वारा बहुधा तिकडूनच, सॅन गॉर्गोनियो खिंडीच्या बाजूनं येतो. म्हणजे नेमक्या कच्च्या बाजूवर झोडपणं. उलटी फिरवून एकटा पाय वारा जातो त्या बाजूला ठेवला तर निम्म्या वजनात भागतं. फोटोग्राफर कुरकुरतो. कुरकुरू दे.

वजनाला वाळूच्या पिशव्या विकत घेऊ नका, आणि उद्यानातली वाळू तर भरायचीच नाही. ४ लिटरच्या पाण्याच्या पिशव्या पायांना अडकवा. आतल्या भागात नळ नाहीत, त्यामुळे पाणी तसंही न्यावंच लागतं. फक्त विधी संपेपर्यंत ते कुणाला पिऊ देऊ नका.

सुरुवातीला दोनच तारे द्यायचे ठरलं होतं. सांध्याचा तिढा सुटल्यावर मत थोडं मवाळ झालं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फुलपाखरी नट सैल पडतो, पाय हलायला लागतात आणि सगळा ताण प्लास्टिकवर येतो. नायलॉनची कडी असलेला नट आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, एवढ्यानं ते थांबतं. खर्च चार-पाच डॉलर. नवा सांधा मागवण्यापेक्षा हे बरं. कापड निम्म्या रुंदीचं घेतलं तर रेटाही निम्मा.

आता कमानीपलीकडचं थोडं. दोघांच्याच लग्नालाही स्पेशल यूज परमिट लागतं, जागाही उद्यानानं ठरवलेल्यांपैकीच निवडायची. अर्जात कमानीचं माप लिहा आणि परमिट छापून न्या, कारण आत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. झाडं हवी असतील तर उंचावरचा पश्चिम भागच घ्या. खालच्या पूर्वेकडे जोशुआ मिळत नाहीत. उद्यानातल्या हिडन व्हॅलीत खडकांची सावली सूर्यास्ताच्या बरीच आधी पडते, म्हणून पंचांगाच्या वेळेवर विसंबू नका. ड्रोन नाही, अक्षता नाहीत, पाकळ्याही नाहीत. प्रवेशाचे एका गाडीला ३० डॉलर, सात दिवस चालतात. तीन गाड्यांनी जाणं म्हणजे ९० डॉलर वाऱ्यावर सोडणं.

कॅलिफोर्नियाचं मॅरेज लायसन्स ९० दिवस चालतं, काउंटी क्लार्ककडे दोघांनी स्वतः जावं लागतं. साध्या (गोपनीय नसलेल्या) लायसन्सवर एका साक्षीदाराची सही लागते. ती फोटोग्राफरची चालते. सही होताना कागद उडतो, म्हणून दोन चाप असलेला पॅड न्या. लायसन्सच्या कागदावर खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही. विधी लावणाऱ्यानं तो १० दिवसांत परत पाठवायचा असतो.

तीन तारे. सपाट पार्किंगजवळच्या जागांसाठी नवी घेणार असाल तर चार पायांची बघा. दीड मीटरच्या चौकोनात मध्यापासून कडेची रेघ ७५ सेंटिमीटरवर जाते. उंचसखल जागी मात्र ती डुगडुगते, तिथं हीच बरी.