क्युबन की जॉर्डनियन? अमेरिकेतल्या स्थलांतरितांचं अर्थकारण अभ्यासायचं तर कोणता समाज निवडावा

स्थलांतरितांच्या अर्थकारणावर प्रबंध लिहायचाय, अमेरिकेतल्या भारतीयांवर बरंच लिहून झालंय, म्हणून क्युबन आणि जॉर्डनियन हे दोन समाज समोर ठेवलेत आणि त्यातला एक पक्का करायचाय, अशा वाचकासाठी हा आढावा आहे. इंटरनेटवर या दोघांची तुलना करणारे तक्ते सहज सापडतात. कुटुंबाचं उत्पन्न, गरिबीचं प्रमाण, बेरोजगारी, सगळं दोन रकान्यांत मांडलेलं असतं. माझा आग्रह एवढाच की त्या तक्त्यावरून निवड करू नका. क्युबन स्थलांतरितांचं सरासरी उत्पन्न कमी दिसतं, तर जॉर्डनियन कुटुंबांची शैक्षणिक पातळी चांगली दिसते. त्यावरून कोण जास्त कष्टाळू हे ठरत नाही. माणूस कोणत्या साली आणि कोणत्या कागदावर अमेरिकेत आला, यावर त्याची पुढची पंचवीस वर्षं ठरतात. या दोन समाजांकडे पाहिलं की हे जितकं स्वच्छ दिसतं, तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

क्युबन: सरकारने दार उघडून दिलेला समाज

१९५९ साली हवानात फिडेल कॅस्ट्रोची सत्ता आली आणि पहिल्या तीन वर्षांत डॉक्टर, वकील, बँकवाले, साखर कारखानदार मायामीला आले. हातात फारसे पैसे नव्हते, पण शिक्षण होतं आणि धंद्याची जाण होती. शीतयुद्धाच्या काळात कम्युनिझममधून पळून आलेला माणूस अमेरिकेला हवाच होता. १९६१ मध्ये क्युबन निर्वासितांसाठी खास केंद्रीय कार्यक्रम सुरू झाला. मायामीच्या फ्रीडम टॉवरमध्ये १९६२ ते १९७४ या काळात कागदपत्रं, औषधोपचार, रोख मदत, नोकरीची सोय असं सगळं एका छताखाली मिळायचं.

खरी किल्ली १९६६ चा कायदा. क्युबातून रीतसर प्रवेश मिळालेल्या किंवा पॅरोलवर, म्हणजे व्हिसा नसताना तात्पुरत्या सरकारी परवानगीने, आत घेतलेल्या माणसाला आधी दोन वर्षांनी आणि नंतरच्या दुरुस्तीनुसार एकाच वर्षाने ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. ‘एक वर्ष आणि एक दिवस’ हे शब्द क्युबन घराघरांत तोंडपाठ असतात. एच-वन-बी व्हिसावर येऊन ग्रीन कार्डाच्या रांगेत दशकभर किंवा त्याहून जास्त काळ उभ्या असलेल्या आपल्या माणसांना या सवलतीची किंमत वेगळी सांगायला नको. नोकरी बदलता येणं, दुकान टाकता येणं, बायकोलाही लगेच काम करता येणं, हे सगळं त्या कार्डाबरोबर येतं.

सरकारी मदतीइतकंच महत्त्वाचं म्हणजे हे लोक एका ठिकाणी दाटीने राहिले. सत्तरीच्या दशकापर्यंत मायामीत चारित्र्यावर मिळणारी कर्जं ही एक विलक्षण गोष्ट होती. हवानातले जुने बँक अधिकारी मायामीतल्या छोट्या बँकांत नोकरीला लागले होते. समोर आलेला माणूस क्युबात कोण होता, त्याचा शब्द कसा होता हे त्यांना ठाऊक असायचं. तेवढ्या भांडवलावर, तारण न घेता, ते त्याला धंद्यासाठी दहा ते तीस हजार डॉलर देत. समाजशास्त्रज्ञ अलेहांद्रो पोर्तेस यांनी यावर सविस्तर काम केलं आहे, तेव्हा हा भाग तरी पहिल्या आठवड्यात वाचून काढा. ही पद्धत का थांबली ते तर फारच बोलकं आहे. नंतर आलेल्या लोकांना हे बँकवाले ओळखत नव्हते. ओळख संपली तशी कर्जंही संपली.

मग १९८० साल उजाडलं. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्युबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं बोटींनी आली. हे लोक पहिल्या लाटेपेक्षा गरीब होते आणि त्यांच्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाणही जास्त होतं. मायामीतली कामगारसंख्या काही महिन्यांत ७ टक्क्यांनी फुगली. मग मजुरी कोसळली का? डेव्हिड कार्ड यांनी १९९० च्या निबंधात दाखवलं की अकुशल कामगारांच्या मजुरीवर किंवा बेरोजगारीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. पुढे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल कार्ड यांना मिळालं, त्यामागे असल्याच कामाचा मोठा वाटा होता. पण जॉर्ज बोर्हास यांनी, जे स्वतः लहानपणी क्युबातून आले, तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांची मजुरी चांगलीच घसरली असा निष्कर्ष काढला. त्यावर इतरांनी त्यांच्या नमुन्याच्या लहान आकाराला आणि रचनेला हरकत घेतली. वाद अजून मिटलेला नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणं कठीण.

आजचं चित्र मात्र वेगळं आहे आणि ते पाहिल्याशिवाय क्युबन समाज ‘यशस्वी’ म्हणून मोकळं होऊ नये. किनाऱ्याला पाय लागला की राहू द्यायचं, ही १९९५ पासूनची सवलत १२ जानेवारी २०१७ ला बंद झाली. पुढे क्युबाची अर्थव्यवस्था ढासळली आणि २०२२ व २०२३ या दोन आर्थिक वर्षांत मिळून चार लाखांहून अधिक क्युबन अमेरिकेच्या सीमेवर नोंदले गेले. यातल्या अनेकांच्या हाती ‘आय-२२०-ए’ नावाचा कागद पडला. तो सुटकेचा कागद आहे, पॅरोलचा नाही. त्यामुळे १९६६ च्या कायद्याचा लाभ त्यांना मिळत नाही, असा निर्णय इमिग्रेशन अपील मंडळाने २०२३ मध्ये दिला. एकाच आठवड्यात, एकाच सीमेवरून आलेल्या दोन भावांपैकी एकाला ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याला नाही, असं होऊ शकतं.

मायामीशेजारच्या हायलियात फिरलं तर हे रस्त्यावर दिसतं. गॅरेजला भिंत घालून, एक न्हाणीघर आणि दोन शेगड्या बसवून केलेली खोली भाड्याने दिली जाते. तिला तिथे ‘एफिशियन्सी’ म्हणतात. घराचा मालक सत्तरीच्या दशकात आलेला क्युबन आणि भाडेकरू दोन वर्षांपूर्वी आलेला क्युबन, ही जोडी अगदी नेहमीची. क्युबात डॉक्टर असलेली बाई इथे परवाना परीक्षेची तयारी करत म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते, तरुण मुलं ट्रक चालवतात. सगळे एकाच तक्त्यात, एकाच ‘क्युबन’ रकान्यात मोजले जातात. कोका-कोलाचे प्रमुख झालेले रोबेर्तो गोइसुएता १९६० साली देश सोडून आले होते. त्यांच्या पिढीचं घर आणि हायलियातल्या गॅरेजमधली खोली यांची सरासरी काढून कुणाचंच काही कळत नाही.

जॉर्डनियन: आपल्या बळावर आणि नात्यांवर

जॉर्डनियनांसाठी असा कोणताही खास कायदा कधी झाला नाही. १९६५ च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्याने देशवार कोटा गेला आणि मग हे लोक आले ते विद्यार्थी व्हिसावर, नोकरीवर, कधी व्हिसाच्या लॉटरीत नाव लागून, आणि सर्वांत जास्त नात्याच्या धाग्याने. एक भाऊ शिकायला येतो, स्थिरावतो, नागरिक होतो आणि बाकीच्या भावंडांचे अर्ज भरतो. भावंडांच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं सहज जातात. हे आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे.

पण जॉर्डनियन म्हणजे नेमकं कोण? १९५० मध्ये जॉर्डनने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा (वेस्ट बँक) आपल्यात सामील केला आणि तिथल्या पॅलेस्टिनी लोकांना नागरिकत्व दिलं. इस्रायलशी झालेल्या १९६७ च्या युद्धानंतर आणखी निर्वासित आले. त्यामुळे जॉर्डनचा पासपोर्ट घेऊन अमेरिकेत उतरलेला माणूस जनगणनेत वंशापुढे ‘पॅलेस्टिनी’ लिहितो, कधी ‘अरब’ लिहितो. त्यातच १९९०-९१ च्या आखाती युद्धात कुवेतमधून सुमारे तीन लाख लोक जॉर्डनला परतले आणि त्यातले काही पुढे अमेरिकेत गेले. त्यांच्या मुलांचं जन्मस्थान कुवेत. म्हणजे जन्मदेशाने मोजलं तरी निसटतात, वंशाने मोजलं तरी निसटतात. शिवाय अमेरिकी जनगणना अरबांना ‘गोऱ्यां’मध्येच धरत आली. मध्य-पूर्व आणि उत्तर आफ्रिका असा वेगळा गट करायचं २०२४ च्या मार्चमध्ये ठरलं. क्युबनांसाठी मात्र फॉर्मवर स्वतंत्र चौकट केव्हापासूनच आहे. आकडेवारीच्या जोरावर प्रबंध उभा करणाऱ्याने हा फरक आधी मनात पक्का करावा.

कमाईचं सांगायचं तर दोन वाटा ठळक आहेत. एक शिक्षणाची. जॉर्डन तेलाशिवायचा देश, तेव्हा माणसं शिकवून बाहेर पाठवणं हेच त्याचं अर्थकारण. इर्बिदच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात वैद्यक, औषधनिर्माण, अभियांत्रिकी इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे अमेरिकेत आल्यावर क्युबन डॉक्टरला पडतो तेवढा भाषेचा खोडा जॉर्डनियनाला पडत नाही. दुसरी वाट दुकानाची: किराणा, पेट्रोल पंप, मोबाइलची दुकानं, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. चुलतभाऊ मिळून पैसे घालतात आणि पहिल्या पंपावर काम शिकलेला मेहुणा दुसरा पंप घेतो.

या भांडवलाचा एक उगम मराठी वाचकाला लगेच कळेल. अरब कुटुंबांत, विशेषतः बायकांमध्ये, ‘जमइय्या’ चालते. दहा-बारा घरांनी दरमहा ठरलेली रक्कम टाकायची आणि दर महिन्याला एका घराने सगळी उचलायची, म्हणजे सरळ आपली भिशी. व्याज नसल्यामुळे धर्माचीही अडचण येत नाही, आणि व्याजाचं गृहकर्ज टाळणाऱ्या मुस्लिम कुटुंबांसाठी ही सोय फार मोलाची ठरते. लग्नाचा खर्च, दुकानाची पागडी, घराची पहिली रक्कम यातून निघते. बँकेच्या कोणत्याही नोंदीत हा पैसा दिसत नाही. मायामीच्या चारित्र्यावरच्या कर्जाशेजारी जमइय्या ठेवून पाहिली, तर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण होईल.

सरकारचा हात जॉर्डनियनांच्या वाट्याला आला तो मात्र वेगळ्या तऱ्हेने. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही देशांच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या पुरुषांना कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे आणि जबाब द्यावा लागला. जॉर्डन त्या यादीत होता. या नोंदणीतून हजारो लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. घरी पैसे पाठवण्यावर, देणग्यांवर बँकांची नजर आली. एका समाजाला आल्याबरोबर निर्वासित केंद्र मिळालं आणि दुसऱ्याला चौकशीची खिडकी. याचा धंद्यावर, कर्ज मागण्याच्या धाडसावर काय परिणाम झाला, यावर अजून खूप काम व्हायला हवं.

आकडे वाचताना

उत्पन्नाचा तक्ता उघडलात की तीन गोष्टी तपासा. पहिली, वय. क्युबन स्थलांतरितांत निवृत्त लोकांचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे कुटुंबाचं उत्पन्न कमी दिसतं, पण घर स्वतःचं आणि कर्ज फिटलेलं असू शकतं. दुसरी, घरात कमावणारे किती. जॉर्डनमध्ये बायकांचा नोकरी-व्यवसायातला सहभाग जगातल्या सर्वांत कमी सहभागांपैकी आहे, सुमारे १५ टक्के. अमेरिकेत तो वाढतो, तरी एका पगारावर मोठं कुटुंब हे चित्र अजून सापडतं, म्हणून कुटुंबाचं उत्पन्न ठीक आणि दरडोई उत्पन्न मात्र ओढगस्तीचं असं होतं. तिसरी, सरासरीआड लपलेली दोन टोकं. २००० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या एकूण अरब कुटुंबांचं मध्यक उत्पन्न देशापेक्षा किंचित जास्त होतं, सुमारे ५२,३०० डॉलर विरुद्ध ५०,००० डॉलर. त्याच वेळी अरबांमधली गरिबी १७ टक्के होती आणि देशातली १२ टक्के. अरबांतले हे आकडे जॉर्डनियनांवर जसेच्या तसे चिकटवू नका, पण दोन टोकांची खूण त्यांतून कळते.

मायदेशाशी असलेला पैशाचा व्यवहार हाही मोठा फरक. जॉर्डनियन दिनार १९९५ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका दिनाराला सुमारे १.४१ डॉलर. त्यामुळे अम्मानमध्ये फ्लॅट घेऊन ठेवणं, उन्हाळ्यात मुलांना घेऊन जाणं, म्हातारपणी परतणं, सगळ्याचा हिशेब मांडता येतो. क्युबनाला ही सोय नाही. २०२० मध्ये निर्बंधांमुळे वेस्टर्न युनियनची क्युबातली चारशेहून अधिक केंद्रं बंद झाली होती. पैसे आणि औषधं ओळखीच्या प्रवाशाच्या बॅगेतून जातात. परतीची वाट बंद असलेला माणूस आपली सगळी पुंजी मायामीतच गुंतवतो. माझ्या मते क्युबन मायामीच्या भरभराटीचं हे कारण सरकारी मदतीइतकंच मोठं आहे.

मग निवड

सरकारी धोरणाने माणसाचं आर्थिक आयुष्य कसं बदलतं हा तुमचा प्रश्न असेल, तर डोळे मिटून क्युबन घ्या. तारखा स्पष्ट आहेत (१९६६, १९८०, २०१७), आकडेवारी दरवर्षीची आहे आणि मागचं संशोधन भरपूर आहे. स्पॅनिश मात्र लागेल. मुंबई-पुण्यात बसून, दुय्यम आकडेवारीवर सहा महिन्यांत काम संपवायचं असेल, तर दुसरा विचारही नको.

नातं, भिशी, शिक्षण, बायकांचं काम असे घरातले प्रश्न खुणावत असतील, आणि अमेरिकेत राहून मुलाखती घेणं शक्य असेल, तर जॉर्डनियन घ्या. काम दुप्पट पडेल, कारण आकडे तुम्हालाच गोळा करावे लागतील. पण मिळेल ते नवं असेल. मुस्लिम आणि ख्रिश्चन जॉर्डनियन दोन्ही घ्या. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये ख्रिश्चन जॉर्डनियनांची जुनी वस्ती आहे, तिथे व्याजाचा प्रश्न येत नाही, म्हणून तुलना सोपी होते.

न्यू जर्सीत एखादा नातेवाईक असेल, तर निवड करण्याआधी एक दिवस काढा. युनियन सिटी ही एके काळी भरतकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या क्युबन बायकांची नगरी. तिथल्या बर्गनलाइन ॲव्हेन्यूवर आता इतर लॅटिन देशांचे लोक जास्त दिसतात, कारण क्युबन पुढे सरकले. तिथून फार दूर नसलेल्या पॅटरसनच्या दक्षिण भागात, जुन्या रेशीम गिरण्यांच्या गावात, मेन स्ट्रीटवर अरब बेकऱ्या, सोनारांची दुकानं आणि खाटीकखाने ओळीने आहेत. दोन्हीकडे चहा-कॉफी घेताना उत्पन्नाबद्दल विचारू नका, आधी विचारा की कोणत्या साली आलात आणि पहिलं काम कोणी लावून दिलं. नावं टिपून घेऊ नका. हल्लीच्या दिवसांत कागद कच्चे असलेला माणूस घाबरलेला असतो, आणि तुमच्या वहीमुळे त्याच्यावर काही येता कामा नये.