एक मत की चौतीस हजार मतं? ‘न घडलेली बातमी’ लिहायला जुना मथळा निवडताना

दिवाळी अंकासाठी किंवा मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी ‘असं झालं असतं तर’चं विनोदी पान करायचं ठरलं, की आपल्याकडे गाडी बहुतेक दोन बातम्यांपाशी येऊन थांबते. एक १७ एप्रिल १९९९ ची, वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडल्याची. दुसरी १६ जानेवारी १९६७ ची, गोव्याच्या जनमत कौलाची. आमच्या सोसायटीच्या गणपतीत लागोपाठच्या दोन वर्षी मी दोन्ही लिहून पाहिल्या. तुम्ही यंदा हे पान करणार असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

१९५६ ची बातमी, मुंबई केंद्रशासित करण्याची, मी विचारातच घेतली नाही. जिथे हुतात्मा चौक उभा आहे तिथे विनोद करायला मन धजत नाही. २३ नोव्हेंबर २०१९ चा मोह मात्र खरा आहे. त्या सकाळी दारात पडलेल्या पेपरांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशा बातम्या होत्या आणि टीव्हीवर फडणवीस-अजितदादांचा शपथविधी दिसत होता. पण ही बातमी अजून जुनी झालेली नाही. मुरू द्यावी.

आता १९९९. हिच्या बाजूने बोलायचं तर प्रस्तावना लागत नाही. ‘एका मताने’ म्हटलं की चाळिशीपुढचा प्रत्येक माणूस मान डोलावतो. ‘सरकार एका मताने तरलं’ एवढा मथळा दिला की पान सुरू. मराठी वाचकासाठी तर खाली आणखी एक चौकट आयती मिळते. लोकसभा पडली म्हणून महाराष्ट्राची विधानसभाही सहा महिने आधी विसर्जित करून दोन्ही निवडणुका एकत्र घेतल्या गेल्या आणि त्यात युतीची सत्ता गेली. दिल्लीतलं ते एक मत फिरलं असतं, तर १९९५ चं युती सरकार २००० च्या मार्चपर्यंत चाललं असतं. राष्ट्रवादीचा जन्म जून १९९९ चा, तोही कधी झाला असता कोण जाणे. लिहिणाऱ्याला एवढं खाद्य सहसा मिळत नाही, हे मान्य करायलाच हवं.

तरी मला ती बातमी नकोशी झाली, आणि कारण एकच. त्या एका मताला मालक आहे.

निकाल उलटा करायचा तर कुणाचं तरी मत फिरवावं लागतं, आणि वाचक पहिला प्रश्न तोच विचारतो, ‘कोणाचं?’ फेब्रुवारीतच ओडिशाचे मुख्यमंत्री होऊनही खासदारकी न सोडलेल्या गिरिधर गमांग यांचं? पक्षादेश मोडून विरोधात मत देणाऱ्या सैफुद्दीन सोझ यांचं? की पाठिंबा काढून घेणाऱ्या जयललितांनाच थांबवायचं? मी मत कोणाचं ते लिहिलंच नव्हतं, गंमत पुढच्या मथळ्यांत होती. पण पहिल्याच संध्याकाळी भित्तिपत्रकापुढे दोन ज्येष्ठ सभासदांची जुंपली. एकांचं म्हणणं गमांग यांनी मत द्यायलाच नको होतं, दुसऱ्यांचं म्हणणं लोकसभा अध्यक्षांनी परवानगी दिली होती. आरतीला तबक तयार, टाळ हातात, आणि हे दोघे तिथून हलेनात. खालच्या चौकटी कोणी वाचल्याच नाहीत. पाचही दिवस थोड्याफार फरकाने हेच चाललं. विनोद म्हणून लावलेला कागद आरोपपत्रासारखा वाचला जात होता.

दुसरी अडचण लिहितानाच जाणवली होती. ही वाट फुटते आणि पुन्हा मूळ रस्त्याला येऊन मिळते. ऑक्टोबरात वाजपेयीच परत पंतप्रधान झाले. आणि मधल्या दिवसांत कारगिल आहे. मथळे मे महिन्यापर्यंत नेले की पेन आपोआप थांबतं.

गोव्याचं तसं नाही. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, असा सरळ प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. एवढ्या मतांना एक मालक नसतो, त्यामुळे ‘कोणामुळे?’ हा वाद सुरूच होत नाही. लोक थेट ‘मग पुढे काय झालं असतं?’ यावर येतात. आपल्याला तेच तर हवं असतं.

शिवाय वाट फुटते ती लांब जाते. गोवा आपला एक जिल्हा झाला असता, तर १९४९ चा दारूबंदी कायदा तिथेही लागला असता. माझा पहिला मथळा होता, ‘फेणीच्या परवान्यासाठी मडगावात रांगा, डॉक्टरांच्या दाखल्यांचा तुटवडा’. दुसरा, ‘हिवाळी अधिवेशन पणजीतच घ्या! सर्वपक्षीय आमदारांची एकमुखी मागणी; नागपूरकर नाराज’. तिसरा आजच्या काळातला, ‘गोवा राज्यातच असल्याने आमदारांना राज्याबाहेर न्यायचं कुठे? पक्षश्रेष्ठींपुढे पेच’. या तिसऱ्याला सगळ्या पक्षांचे लोक हसले. गेल्या वर्षी ज्यांची जुंपली होती ते दोघेही.

आणि खरी बातमीच मुळात काय सुरेख आहे! कौल नि:पक्षपाती व्हावा म्हणून गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी आधी सत्ता सोडली. विलीनीकरण ही त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची मुख्य मागणी. लोकांनी ती नाकारली आणि दोनेक महिन्यांत निवडणुकीत त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. शेजारच्या चौकटीत ही घडलेली गोष्ट जशीच्या तशी द्या. निम्म्या वाचकांना तीच बनावट वाटते.

उणी बाजूही सांगतो. तिशीच्या आतल्यांना दोन ओळींची पार्श्वभूमी द्यावीच लागते. आणि एक पथ्य आहे. गोवेकरांसाठी तो दिवस अस्मितेचा आहे, कोंकणीचा आहे. १९८७ चं घटक राज्य त्याच पायावर उभं राहिलं. म्हणून हसू आलं पाहिजे ते आपल्या मंत्रालयाचं, आपल्या आमदारांचं. त्यांच्या भाषेचं नाही. हे सांभाळायची तयारी नसेल, तर १९९९ बरी.

आमच्या इमारतीत म्हापशाच्या एक काकू राहतात. त्या पानापुढे त्या बराच वेळ उभ्या होत्या. मी जरा धास्तावलो होतो. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘मासळीचे दर मुंबईत ठरणार, म्हापसा बाजार बेमुदत बंद’. मग दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्याखाली लिहिलं, ‘मालवणचा जाहीर पाठिंबा’. विसर्जनापर्यंत कागदावर अकरा मथळे झाले, त्यातले माझे तीन.

तुमच्याकडचे वाचक वेगळे असतील, वाद रंगलेला आवडणारेही असतील. गोव्याची बातमी घेतलीत, तर खाली बरीच जागा कोरी सोडा आणि दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवा.