दुखणाइतांसाठीचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड पिलाटेस’ कोर्स करताय? फी भरण्याआधी हे वाचा

मी पुण्यात पिलाटेस, म्हणजे पोट-पाठीच्या स्नायूंना बळ देणारी व्यायामपद्धती, शिकवते. माझ्याकडे तरुण पोरींपेक्षा पाठदुखीने बेजार झालेले आयटीवाले, खुब्याचं ऑपरेशन झालेले काका आणि हाडं ठिसूळ झाल्याचा रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या साठीच्या बायकाच जास्त येतात. त्यांना नीट शिकवता यावं म्हणून पुढचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं आणि त्यात ८५ हजार रुपये बुडाले.

जाहिरात भारी होती. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटसोबत तास, परदेशी संस्थेची मान्यता आणि शेवटी ‘रिहॅब स्पेशालिस्ट’ असं सर्टिफिकेट. फोनवरच्या बाईंनी पहिल्या महिन्यात कोर्स सोडल्यास सगळे पैसे परत, असं स्वच्छ सांगितलं होतं. पावती आली तेव्हा तळाला बारीक अक्षरात ‘फी परत मिळणार नाही’.

हाती आले ते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, एक पीडीएफ आणि हॉटेलच्या हॉलमधला शनिवार-रविवार. तीसेक जणांत दोन रिफॉर्मर (पिलाटेसचं स्प्रिंग लावलेलं, सरकत्या पाटाचं यंत्र). पेशंट एकही नाही. शेजारी बसलेली मुलगी झुंबा शिकवायची, रिफॉर्मरला तिने कधी हातही लावला नव्हता. चांगल्या संस्थांत पिलाटेसचं मूळ प्रशिक्षणच साधारण ४५० तासांचं असतं. ते झालंय का, हेही न विचारता ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ला प्रवेश देत असतील तर तिथेच सावध व्हा.

नाशिकहून आलेल्या एकीने विचारलं, “क्लायंटचा खुबा बदललाय, मागच्या बाजूने ऑपरेशन झालंय. काय टाळू?” उत्तर मिळालं, “त्यांना सहन होईल तेवढं करून घ्यायचं.” हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. अशा ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही आठवडे मांडी ९० अंशांपलीकडे दुमडू नका, पायावर पाय टाकू नका, पाय आत वळवू नका, असं सर्जन सहसा बजावतात, कारण सांधा निखळू शकतो. तो निखळण्याआधी दुखून इशारा देईलच असं नाही. मग ‘सहन होईल तेवढं’ हे माप काय कामाचं?

पीडीएफमधलं हाडांच्या ठिसूळपणाचं पान तर मी जपून ठेवलंय. वर रोल-अपचा, म्हणजे पाठीवर झोपून मणका गोल करत उठून पुढे वाकण्याच्या व्यायामाचा, फोटो, खाली एक ओळ : ‘हळू करावे.’ बस्स. सिनाकी आणि मिकेलसन यांचा १९८४चा अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. मणके ठिसूळ झालेल्या, पाळी गेलेल्या ५९ स्त्रियांपैकी ज्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले त्यांच्यातल्या ८९ टक्क्यांना मणक्यांची नवी फ्रॅक्चर्स झाली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, जुना आहे, पण रोल-अप किंवा रोलिंग लाइक अ बॉल (पाठ गोल करून चेंडूसारखं मागे-पुढे लोळणं) अशा क्लायंटला देताना शंभरदा विचार करावा, हे शिकवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. हळू केल्याने मणक्यावरचा वाकण्याचा दाब टळत नाही. उलट मणक्यातली नळी अरुंद झालेल्यांना बहुधा मागे वाकण्याचाच त्रास होतो. आणि या पीडीएफमध्ये ‘पाठदुखी’ या एकाच मथळ्याखाली सगळ्यांना तेच व्यायाम! पैशांपेक्षा या पानांचा मला जास्त संताप येतो, कारण त्यावर विसंबून कोणीतरी कोणाच्या तरी आईकडून रोल-अप करून घेणार आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा न घेताच सर्टिफिकेट ईमेलने आलं. त्यावरचा क्यूआर कोड त्यांच्याच वेबसाइटवर जातो. परदेशी संस्थेला मी स्वतः ईमेल केली. दोनच दिवसांत उत्तर आलं : आमचा यांच्याशी काहीही संबंध नाही.

हे चालतं कसं? २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे सर्वसाधारण नाव ठरवलं, त्यामुळे त्या नावावर एकाची मालकी राहिली नाही. आपल्याकडे पिलाटेस शिकवायला वेगळा सरकारी परवानाही लागत नाही. फिजिओथेरपीचं तसं नाही, तिला २०२१चा केंद्रीय कायदा आहे. खासगी सर्टिफिकेटने कोणी उपचार करणारा होत नाही. म्हणून फी भरण्याआधी शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. कोणत्या दुखण्यात कोणते व्यायाम वर्ज्य, ते एक प्रकरण आधी वाचायला मागा. देखरेखीखालचे तास आणि फी परतीची अट ईमेलवर घ्या. मान्यतेची खात्री परदेशी संस्थेकडूनच करा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार केली तेव्हा ‘यांनी व्हिडिओ पाहिलेत’ एवढंच उत्तर कंपनीने दिलं. आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. माझी तक्रार गेल्यावर त्यांनी जाहिरातीतून ‘मान्यता’ शब्द काढून टाकला. जुन्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, तो मी अर्जाला जोडलाय. तुम्ही याच कोर्सला पैसे भरले असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पावती आणि पीडीएफ आजच दुसरीकडे साठवून ठेवा.