'हॅपिनेस' पाहावा की 'लाइफ ड्युरिंग वॉरटाइम'?

अमेरिकी दिग्दर्शक टॉड सोलोंड्झचा एकच चित्रपट पाहायचा असेल तर 'हॅपिनेस' (1998) पाहा, असं बहुतेक जण सांगतील, आणि त्यात काही गैर नाही. कान चित्रपट महोत्सवातलं समीक्षकांचं फिप्रेस्की पारितोषिक, ठरलेल्या वितरकाने अंग काढून घेणं, अमेरिकेत वयोगटाच्या मानांकनाशिवाय (रेटिंगशिवाय) झालेलं प्रदर्शन, हा सगळा इतिहास त्याच्याच वाट्याला आला. त्याचा पुढचा भाग, 2009 चा 'लाइफ ड्युरिंग वॉरटाइम', मात्र 'पात्रं तीच, नट वेगळे' एवढं ऐकूनच अनेक जण बाजूला ठेवतात. माझं मन हळूहळू या दुसऱ्याकडेच झुकत गेलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. दोन्हींच्या मुळाशी लहान मुलांवर अत्याचार करणारा एक बाप आहे. अत्याचार पडद्यावर दिसत नाही, पण त्याबद्दल जे बोललं जातं तेही ऐकवत नाही. हा विषय झेपणार नसेल तर दोन्ही टाळलेले बरे.

अभिनयाचं पारडं पहिल्याचंच जड आहे. डिलन बेकर आणि फिलिप सीमोर हॉफमन एकाच चित्रपटात असल्यावर वाद कसला? सोफ्यावरचा तो प्रसंग तर कायमचा मनात रुततो. मुलगा बिली बापाला एकेक प्रश्न विचारतो आणि बिल मॅपलवुड खरी उत्तरं देत जातो. आपल्याला वाटत राहतं, निदान आता तरी याने खोटं बोलावं.

माझं बिनसलं ते त्याच्या लगेच नंतर. चित्रपट सहा महिने पुढे उडी मारतो, कुटुंब जेवणाच्या टेबलाशी बसलेलं असतं, आणि शेवटचा हशा पिकवला जातो तो याच बिलीच्या तोंडून. माझ्यासोबत पाहणारे खळखळून हसले. मला त्या मुलाकडे बघवेना. ज्याने आत्ताच इतकं सोसलं, त्याला दोन क्षणही न देता विनोदासाठी पुढे करायचं? दिग्दर्शकाला आपल्याला अवघडवायचंच होतं, हे कळतं. तरी पुन्हा पाहताना ती खटक कमी झाली नाही, उलट आधीच्या प्रसंगांतही तीच खोड दिसू लागली. दुःख जरा स्थिरावतंय असं वाटलं की चिमटा आलाच.

दुसरा चित्रपट त्या मुलांना सोडून देत नाही, आणि माझ्या लेखी तेच निर्णायक ठरलं. बिलची बायको ट्रिश हिने धाकट्या टिमीला 'बाबा वारले' असं सांगून ठेवलंय. बार मित्स्वा (ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावरचा विधी) जवळ आलेला हा पोरगा खरं कळल्यावर आईला नको नको ते विचारतो. ती घाबरून अर्धवट उत्तरं देते, आणि त्या उत्तरांपायी एका साध्या, मायेने मारलेल्या मिठीचा केवढा अनर्थ होतो! इथेही हसू येतं, पण घशात अडकतं. तुरुंगातून सुटलेला बिल मोठ्या मुलाच्या वसतिगृहाच्या खोलीवर जातो. पोरगा आपल्यासारखा तर झाला नाही ना, एवढंच त्याला जाणून घ्यायचंय. बेकरचा बिल शेजारच्या सज्जन गृहस्थासारखा दिसायचा. किरन हाइंड्सचा बिल आतून पोखरलेला, जवळजवळ भुतासारखा वावरतो. नट बदलल्याचा इथे तोटा नाही, फायदाच झालाय.

सगळीकडे तसं जमलेलं नाही. हॉफमनचा अ‍ॅलन इथे मायकल के. विल्यम्स झालाय. सुरुवातीचा रेस्टॉरंटमधला प्रसंग त्याने पेलला आहे, पण पुढे त्याला फारसं कामच नाही. शिवाय जो तो क्षमा आणि विसरणं यांवर बोलत सुटतो. थोडं आपल्यावर सोडलं असतं तर बरं झालं असतं. तरी व्हेनिस चित्रपट महोत्सवात पटकथेचा पुरस्कार याच लेखनाला मिळाला, आणि तो मला पटतो.

धक्का आणि अभिनयाची जुगलबंदी हवी असेल तर 'हॅपिनेस' घ्या, निराश होणार नाही. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर मी दुसरा सुचवेन. लांबीलाही तो बराच आटोपशीर आहे आणि पहिला पाहिलेला नसला तरी अडत नाही. जॉय, ट्रिश आणि हेलन या बहिणी, बिल हा ट्रिशचा नवरा, बिली आणि टिमी त्यांचे मुलगे, एवढं लक्षात ठेवून बसलात की पुरे.