हेड बदललं तरी कूलंट कमी होतंय: आधी प्रेशर टेस्ट, गॅस टेस्ट की डाय?

इंजिनच्या हेडचं, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचं, काम करून गाडी घरी आणली आणि आठवड्याभरात टाकीतलं कूलंट मिनच्या खुणेखाली, हे बघून पोटात गोळा येतो, माझ्याही आला होता, आणि वर गॅरेजवाला सांगतो की गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) परत गेलं, हेड उतरवायला लागणार. उतरवू देऊ नका, निदान लगेच तरी नको.

पहिलं म्हणजे लीक आहे का तेच बघा. सिस्टीम रिकामी करून भरली की आत हवा अडकते, इंजिन दोनतीनदा गरम-थंड झालं की ती निघते आणि लेव्हल थोडी खाली येते, हे नॉर्मल आहे. थंड इंजिनवर टाकीला मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी बघा. शिवाय आपल्या गोव्याच्या दमट हवेत एसी चालू असला की गाडीखाली पाणी पडणारच, ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, रंग असतो. चाखून बघू नका, विषारी आहे, आणि सांडलेलं लगेच धुवा, कुत्री-मांजरं चाटतात.

लेव्हल खरंच उतरत असेल तर माझं मत सरळ आहे, आधी प्रेशर टेस्ट. थंड इंजिनवर टाकीच्या झाकणाच्या जागी प्रेशरचा काटा असलेला हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्यायचं (बऱ्याच गाड्यांना 0.9 ते 1.1 बार, त्याच्या वर जायचं नाही) आणि 15-20 मिनिटं काटा बघत बसायचं. थंड इंजिनवरच का, तर गरम इंजिनवर बारीक थेंब खाली पडायच्या आधीच सुकून जातो, आणि काही लीक तर धातू आकसल्यावरच उघडतात. माझ्या गाडीत असंच झालं, ब्लॉक आणि हेडच्या जोडावर ओल होती, बघणारा कोणीही गॅस्केटच म्हणेल. प्रेशर दिलं, टॉर्च धरून मागे आरसा घातला तर हेडच्या पाठीमागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जो पाण्याचा पाईप बसतो त्याच्या तोंडाशी गुलाबी खपली जमलेली आणि तिच्या कडेने एक थेंब फुगत होता, फुगायचा, जोडावर ओघळायचा, परत फुगायचा. हेड बसवताना जुनी रबर रिंग तशीच ठेवली होती. नवी रिंग घातली, विषय संपला.

काटा पडतोय पण बाहेर कुठेच थेंब नाही, असं झालं तर पुढच्या सीटसमोर पायाखालचं कार्पेट चाचपा. हीटर आपण गोव्यात कधी लावत नाही पण त्याच्या जाळीतून बऱ्याच गाड्यांमध्ये कूलंट फिरतंच असतं, काचेवर चिकट वाफ आणि गोडसर वास आला तर लीक तिथे आहे. तेही नसेल तर बहुधा सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जातंय. ऑइलची कांडी काढून बघा, दुधाळ दिसलं तर गाडी चालवूच नका. आणि सिलिंडरचा संशय असेल तर ग्लो प्लग (पेट्रोलला स्पार्क प्लग) काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका, आत पाणी साठलेलं असेल तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

गॅस टेस्ट इथे कामाला येते. टाकीतली हवा निळ्या लिक्विडमधून ओढायची, सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते हिरवट-पिवळं पडतं. थंड इंजिन स्टार्ट केल्या केल्या होज दगडासारखे कडक होतात, टाकीत बुडबुडे थांबत नाहीत, असं असेल तर प्रेशर टेस्टच्या आधी ही केली तरी चालेल. पण बाहेरच्या लीकबद्दल ती काही सांगत नाही, आणि डिझेल नुसतं आयडलला ठेवून केली तर गॅस कमी मिळाल्यामुळे खरा लीकही सुटू शकतो, म्हणून निळंच राहिलं म्हणजे सुटलो असं धरू नका.

डाय, म्हणजे कूलंटमध्ये घालायचा यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग, मी शेवटी ठेवेन. तुमचा लीक फक्त चोर्ल्याचा नाहीतर अनमोडचा घाट चढतानाच होत असेल आणि गॅरेजमध्ये काटा हलत नसेल तर मात्र डायच घाला, दोनचार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि रात्री अंधारात यूव्ही टॉर्चने बघा, चमकणारा ओघळ जिथून सुरू होतो ती जागा. तोपर्यंत टेंपरेचर वर गेलं तर गाडी बाजूला घ्या, आणि गरम झाकण उघडू नका.

एवढं करून गॅस्केटच निघालं तर हेड उतरवा, पण मग उभं राहून विचारा: हेड आणि ब्लॉक दोन्हीवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला का, बोल्टच्या भोकांतलं पाणी-ऑइल काढलं का (राहिलं तर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, बरोबर दिसतो पण बोल्ट पुरता आवळलेला नसतो), आणि एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवे घेतले का.